आत्याच्या तोंडावरचा निळा स्कार्फ

मित्रांनो, मी एक जुना निळा स्कार्फ आहे आणि मला माणसांच्या लपवाछपवीची शिसारी आली आहे.

विणकराने मला मागावरून उतरवलं तेव्हा "कुणाच्या तरी गळ्यात काय शोभून दिसेल!" असं तो म्हणाला होता. शोभायचं राहिलं बाजूला. माझ्या मालकिणीच्या, म्हणजे आत्याच्या, नाकागालांवर कॅन्सरच्या बारीक गाठी सारख्या उठायच्या. तिच्या वडिलांनाही तसंच होतं. डॉक्टर गाठी कापून काढत, मागे व्रण राहत. ती घराबाहेर निघाली की तिचा भाऊ बजावायचा, "तोंड झाक." मग घाम, मलम, जखमेतलं पाणी, सगळं मी मुकाट्याने टिपायचो. त्याची मला कधी घाण वाटली नाही. घाण वाटली ती दवाखान्यात.

भावाच्या मुलीच्या, चिमणीच्या, डोक्यात गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं. पुढे रेडिएशनची किरणं द्यायची की नुसत्या औषधांवर भागवायचं, हे ठरायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला गाठी, कॅन्सर?"

"छे हो! आमचं घराणं म्हणजे धुतला तांदूळ," भाऊ म्हणाला. त्याच्या धाकट्या भावाचं लग्न जमत आलं होतं ना!

शेजारी बसलेल्या आत्याचा हात मला सोडायला माझ्या टोकापाशी आला. भावाने डोळे वटारले. "हिला धुळीची ॲलर्जी आहे," त्याने सांगून टाकलं. हात खाली गेला. शी! तिथेच फाटून पडावं असं मला वाटलं.

डोक्याबरोबर मानेला आणि पाठीच्या कण्यालाही किरणं दिली. चिमणी वाचली, हे मी नाकारत नाही. किरणांनी कितीतरी लोक बरे होतात. पण या घराण्याच्या अंगातच असा दोष होता, की किरणं पडतील तिथे नव्या गाठी उठाव्यात. काही वर्षांनी, जिथे किरणं दिली होती तिथेच, तिच्या मानेवर आणि पाठीवर, तशाच गाठी उठल्या. तेव्हा कुठे आत्याने मला डॉक्टरीणबाईंसमोर ओढून काढलं.

"अहो, हे तेव्हा का नाही दाखवलंत?" त्या म्हणाल्या. "किरणं टाळायचाच प्रयत्न केला असता आपण."

आत्या ढसाढसा रडली. आणि भाऊ? घरी आल्यावर त्याने मलाच चिमणीपुढे धरलं. "मानेला गुंडाळत जा. चारचौघांत दिसायला नको."

"बाबा, अजूनही?" चिमणी म्हणाली. तिने मला उंबऱ्याशी फेकलं आणि उघड्या मानेने बाहेर गेली. आत्यानेही मला उचललं नाही.

मित्रांनो, डॉक्टर घरातल्या आजारांबद्दल विचारतील तेव्हा सगळं सांगा. लाजू नका. मी आता पायपुसणं झालो आहे. खुशाल चिखलाचे पाय पुसा. इतकं स्वच्छ काम मला जन्मात पहिल्यांदाच मिळालं आहे.