नव्या शेजाऱ्यांचं सामान

माणसाला माणूस नीट दिसला की निम्मं जग सुधारतं, अशी चष्मेवाल्याची ठाम श्रद्धा होती. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना तो हे आवर्जून सांगे. घरी मात्र शाळेची चिठ्ठी आली होती. थोरलीने वर्गातल्या नव्या मुलीला बाकावर जागा दिली नव्हती. मुलींना शेजारधर्म घरीच शिकवावा, आणि सोबतच्या कागदावर एका शेजाऱ्याची सही सोमवारपर्यंत आणावी. नाहीतर पालकांनी समक्ष भेटावं. मुख्याध्यापिका चष्मेवाल्याच्याच जुन्या बाई होत्या. अजूनही त्यांच्यासमोर त्याची बोबडी वळे.

रविवारी सकाळी त्याने खिडकीतून पाहिलं आणि त्याला देव पावला. खाली ट्रक उभा होता. फुटपाथवर खोकी, गाद्या, मिक्सर आणि खुर्चीवर एक आजीबाई. जिन्यात डोकावला, तर समोरच्या फ्लॅटचं दार सताड उघडं. नवे शेजारी! बायको दवाखान्यात ड्यूटीवर होती, म्हणून पुढचं सगळं घडू शकलं.

त्याने दोघी मुलींना पलंगावर बसवून धडा दिला. आधी आपलं नाव सांगायचं, मग मदत करू का विचारायचं. लोक नको नको म्हणतात, पण ते संकोचानं. आपण ऐकायचं नाही.

"आणि खरंच नको असलं तर?" थोरलीने विचारलं.

"खरंच नको असं कुणालाच नसतं."

"पण बाबा, त्या काकू तर..."

"मोठ्यांचं बोलणं मध्येच तोडायचं नाही. हेही त्यातच येतं."

थोरली चपला शोधायला उठली. धाकटीला शंका नव्हत्याच, तिला खोकी उचलायची होती.

काम जोरात सुरू झालं. हमाल खोकं खाली ठेवून वळले, की मुली ते उचलून दोन मजले वर नेत. हमाल सामान खाली का आणताहेत, हे चष्मेवाल्याला उमगेना. आधी चुकून भलत्याच मजल्यावर चढवलं असणार, असा त्याने तर्क केला आणि स्वतः मिक्सर उचलला. तिसऱ्या फेरीला एका हमालाने विचारलं, "साहेब, तुम्ही नक्की कुणाकडून?"

"शेजाऱ्यांकडून."

हमाल डोक्यावरचं फडकं काढून पायरीवरच बसला.

धाकटीने आजींना अदबीनं उठायला सांगितलं आणि बहिणीच्या मदतीने खुर्ची वर नेली. खुर्चीला गोळ्यांची पिशवी अडकवलेली होती, त्यामुळे आजीही एकेक पायरी करत मागोमाग गेल्या.

वर दारात त्यांची सून उभी होती. "अहो, नको, राहू द्या. खरंच नको," ती काकुळतीने म्हणाली. किती हा संकोच, चष्मेवाल्याला भरून आलं. मग तिने थोरलीला विचारलं, "पडला का गं शेवटी तो दात?" हिला दाताचं कुणी सांगितलं? चष्मेवाला गोंधळला. तिची फ्रेमही ओळखीची वाटत होती. चौकोनी, तपकिरी, उजव्या दांडीचा स्क्रू बदललेला. तो स्क्रू त्यानेच बदलला होता, एवढं नक्की. फ्रेममागच्या चेहऱ्याकडे बघायची मात्र तेव्हा गरज पडली नव्हती.

त्याने शाळेचा कागद पुढे केला. सुनेने कागद वाचला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. मग तिसऱ्यांदा वर आलेल्या एका खोक्यावर बसून तिने रकाने भरले. किती काळाचे शेजारी: चार वर्षे. शेरा: मुली गुणी आहेत. आम्ही आज जागा सोडत आहोत.

चष्मेवाल्याने चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. मग हळूच थोरलीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो. पण बोलणं तोडायचं नव्हतं ना."

सामान पुन्हा खाली न्यायला संध्याकाळचे सहा वाजले.