पहिला घास

शिन्येकडच्या आमच्या गावात माकड आधी जेवतं, माणसं मागून. गावोगाव खेळ करून तेच घर पोसतं, म्हणून हा मान. माझे सासरे वाफवलेला पाव स्वतः चावून मऊ करायचे आणि पहिला घास लाओहेइ माकडाच्या तोंडात घालायचे. माझी रुइरुइ दोन वर्षांची झाली, पण मुलगी म्हणून त्यांनी तिला कधी मांडीवर घेतलं नाही. याचा मला भारी राग होता.

खेळाच्या परवान्यासाठी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. टीबी आहे का ते बघायला त्यांनी आमच्या तिन्ही माकडांच्या पापणीत सुई टोचली. पुन्हा आल्या, तर तिघांचीही टोचलेली पापणी सुजून तो डोळा झाकला गेलेला.

"सूज आली म्हणजे टीबी आहे. तिन्ही मारावी लागतील," त्या म्हणाल्या.

"तुम्हीच रोग टोचलात," सासरे कडाडले.

"आजोबा, माकडाला हा रोग माणसाकडून होतो. घरात खोकतं कोण?"

सासरे अख्खा हिवाळा खोकत होते. तंबाखूचा खोकला म्हणायचे. आता खोकला दाबायला त्यांनी ओठ घट्ट मिटले, मान लालबुंद झाली. मग माझ्याकडे बोट केलं. "ही. आमची सून. माहेराहून आली तेव्हापासून खोकते."

मी नवऱ्याकडे पाहिलं. "काइचंग, बोल ना. की दातखीळ बसली?"

तो लाओहेइला पिंजऱ्यातून काढायला वळला. बापाचं नाव कोण घेणार?

डॉक्टरीणबाई माकडांना मारायची सुई घेऊन समोर उभ्या राहिल्या, तेव्हा लाओहेइनं शिकवल्याप्रमाणे टोपी काढून सलाम ठोकला. टोपी त्याच्या हातातच राहिली.

मला तालुक्याच्या दवाखान्यात धाडलं. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, आणि बरेच दिवस ठेवून घेऊन डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. घरात खरंच जो खोकतो, त्याला आणा."

नववर्षाच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या वेळेला, मी जवळजवळ पळतच घरी पोचले. अंगणात टेबल मांडलेलं, पिंजरे धुऊन भिंतीला टेकवलेले. काइचंग पेल्यांत दारू ओतत होता. सासऱ्यांच्या मांडीवर लाओहेइचं खेळातलं लाल जाकीट घालून रुइरुइ बसली होती. सासरे सावकाश पाव चावत होते.

"ये," ते म्हणाले. "माकडं गेली, मग पहिला मान कुणाला द्यायचा? तू गेल्यापासून पोरगी माझ्याच हातून जेवते."

त्यांनी तोंडातून घास काढला. मी धावत जाऊन तिला हिसकावून घेतलं. रुइरुइ भोकाड पसरून रडायला लागली. मला लाथा झाडत तिनं आजोबांकडे हात पसरले आणि घासासाठी तोंड उघडलं.