आदेमारची यादी

पैज लागली फुटपाथवर, माते नावाचा कडू चहा पिता पिता. एका खुर्चीत एदगार्दो, दुसरीत शेजारचा आदेमार, मध्ये किटली घेऊन आदेमारची बायको नेलीदा. दोन्ही पुरुष गावच्या वीज सहकारी संस्थेत कामाला. पन्नाशी उलटलेली, म्हणजे अक्कल यायचं वय कधीच निघून गेलेलं.

संस्थेत वीज, पाणी, टेलिफोन मिळून चार हजार याद्या नि तक्ते. कुठलं काय कुठे आहे ते हुडकायला नवा सर्च बसवला होता. शब्द टाकला की आधी काय दिसायचं, हे ठरवायचं काम एदगार्दोचं.

घरी ऑक्सिजनचं यंत्र कुणाकडे आहे, याच्या दोन याद्या होत्या. लाइन बंद करायच्या आधी त्या घरांना फोन करायचा, जनरेटर पाठवायचा, त्यासाठी. एक एदगार्दोची, दवाखान्यांच्या फॉर्मवरून आपोआप भरणारी. दुसरी आदेमारची. तो मीटर वाचत दारोदार फिरायचा आणि स्वतः एकेक घर लिहायचा.

"सर्चमध्ये माझी पहिली येणार," आदेमार म्हणाला. "तुझ्या यादीला माणसांचा वास नाही."

"सर्चला नाक नसतं रे टकल्या."

"मग लाव पैज. कार्निव्हलच्या रविवारपर्यंत. हरेल त्यानं दुसऱ्याच्या फुटबॉल क्लबाचा शर्ट घालून बाजारभर ओरडत जायचं, हा माझ्यापेक्षा हुशार!"

"मंजूर."

"आणि ऐक, सर्चच्या चाव्या तुझ्याकडे आहेत. बोट घातलंस की हरलास."

"मी? मी कधी लबाडी केली?"

नेलीदानं किटली खाली ठेवली. "ख्रिसमसला माझ्या कोंबडीत रबरी पाल कुणी भरली होती मग?"

ऑगस्टात आदेमार गेला. कुणाच्या तरी अंगणात, मीटर वाचता वाचता. वहीतला शेवटचा आकडा अर्धाच राहिला.

एदगार्दो रडला नाही. तो रोज सकाळी कचेरीत येऊन आदेमारची यादी उघडायचा. प्रत्येक घरापुढे आदेमारची टीप असायची. "लेनसिना: कुत्रा चावतो, बाई केक देते. दोन्ही गृहीत धरावं." "मोरेल: आजोबा बहिरे. खिडकीवर चेंडू मारावा." एदगार्दो वाचायचा, खुदकन हसायचा, डोळे पुसायचा, बंद करायचा. जेवून आला की पुन्हा, चहाला उठला की पुन्हा, दिवसातून आठ-नऊदा.

जे जास्त उघडलं जातं ते वर येतं, हा नियम त्यानंच घातला होता. नोव्हेंबरात आदेमारची यादी पहिली आली. ती का वर आली, ते त्याला कळत होतं. पण वरच्या ओळीत आदेमारचं नाव दिसलं की त्याला वाटायचं, बेटा जिंकतोय. जिंकू दे.

जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, एका गल्लीतली तार बदलायची निघाली. यानीना नावाची नवी मुलगी कामाला लागली होती. तिनं सर्चमध्ये ऑक्सिजन टाकलं, पहिली यादी उघडली, एकतीस घरांना इमानदारीत फोन केले.

गल्लीच्या टोकाच्या सेन्योरा इर्माला यंत्र लागलं होतं ऑक्टोबरात. आदेमारच्या यादीत ती असणार कुठून? तीन तास वीज नव्हती. शेजाऱ्यांनी दार फोडलं तेव्हा ती निळी पडली होती. वाचली. नऊ दिवसांनी घरी आली, पण तेव्हापासून पाय उचलत नाहीत.

"सेन्योर, मी पहिलीच घेतली," यानीना हुंदके देत होती. "पहिली म्हणजे बरोबर असते ना?"

कोणी किती वेळा उघडली, ते एदगार्दोनं काढलं. नऊशे बावन्न वेळा. त्यातल्या नऊशे चाळीस त्याच्या. तो कागद घेऊन मॅनेजरकडे गेला. "पोरीचा दोष नाही. यादी वर ठेवणारा मी."

मॅनेजरनं कागद बाजूला ठेवला. "काय ते नंतर बघू. आधी दुरुस्त कर."

मग तो सर्चचे नियम बदलायला बसला. एकाच माणसानं शंभरदा उघडलं तरी एकदाच मोजायचं. ताज्या यादीला जास्त वजन. आणि यादी सांभाळणारा कामावर नसेल तर ती खाली जाऊ दे. हा शेवटचा नियम लागेना. आदेमारच्या नावापुढे अजून 'कामावर' असंच होतं. ते बदलायचं काम पाच महिन्यांपूर्वीच एदगार्दोकडे आलं होतं. त्यानं केलंच नव्हतं.

त्यानं ती 'कामावर'ची खूण काढली. पुन्हा ऑक्सिजन टाकून बघितलं. त्याची स्वतःची यादी पहिली. आदेमारची अकराव्या पानावर, ट्रकच्या टायरांच्या यादीखाली.

कार्निव्हलच्या रविवारी तो नेलीदाच्या दारात उभा राहिला.

"शर्ट दे."

"कशाला? तुझी पहिली आहे ना? गावाला माहीत आहे."

"बोट घातलं होतं मी."

"किती वेळा?"

"नऊशे चाळीस."

"एवढं काय होतं त्यात वाचायला?"

त्यानं लेनसिनाचा कुत्रा सांगितला, मोरेलचा चेंडू सांगितला. नेलीदा हसली, हसता हसता थांबली, आणि आत जाऊन शर्ट घेऊन आली. "धुतलेला नाही," म्हणाली. "मीही धुवत नाहीये."

शर्ट पोटावर चढेना. बाजारात शिट्ट्या वाजल्या. भाजीवाल्यानं कार्निव्हलच्या डब्यातला फेस त्याच्यावर उडवला. "काय एदगार्दो, पक्ष बदलला?"

"आदेमार माझ्यापेक्षा हुशार!" तो ओरडत गेला. कांद्यांपासून माशांपर्यंत लोक हसत होते.

बाजाराच्या शेवटी, आपल्या घराच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत, सेन्योरा इर्मा बसली होती. नाकात नळी. यंत्र घुरघुरत होतं. एदगार्दो थांबला.

"आदेमार माझ्यापेक्षा हुशार," तो पुटपुटला. "सेन्योरा, त्या दिवशी तुम्हाला फोन आला नाही, तो माझ्यामुळे..."

तिनं नळी बाजूला केली.

"मोठ्यानं बोल, एदगार्दो. सगळ्यांना ऐकू दे."

आणि तो बोलला. आधी आदेमारचं, मग आपलं. घसा फाटेपर्यंत.