बेवारस रांगेतला फ्रॉक

लॉन्ड्रीत तीस वर्षं काढलेल्या बाईला सहसा कशाची किळस येत नाही. कॉलरींवरचा मळ, बगलेतले पिवळे डाग, एकदा तर एका साहेबांच्या कोटाच्या खिशातून निघालेलं अर्धं उकडलेलं अंडं, सगळं मी नाक न मुरडता हाताळलंय. तेव्हा त्या शुक्रवारी शाळेच्या हॉलमध्ये मला किळस आली ती घामाच्या वासाची नव्हे, हे आधीच सांगून टाकते.

लॉन्ड्री माझ्या थोरल्या भावाने काढलेली. गिऱ्हाईक आलं नाही म्हणून त्याचा कपडा विकायचा नाही, हा त्याचा नियम. ज्यांचा माणूस येणार असतो ते कपडे खालच्या कपाटात. ज्यांच्याकडे कुणी फिरकतच नाही ते माडीवरच्या दांडीवर, वर्षवार. त्या दांडीला आम्ही बेवारस रांग म्हणायचो. भाऊ गेला आणि दुकान पुतण्याकडे आलं. पोरगा वाईट नाही. फक्त जुनं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात.

त्या रांगेत एक फ्रॉक बेवारस नव्हता. शाळेच्या ग्रंथपाल बाईंच्या मुलीचा तो. पिवळा, पांढऱ्या कॉलरचा, आईने रात्री जागून शिवलेला. एकवीस वर्षांपूर्वी मुलीने तो इस्त्रीला टाकला आणि त्याच आठवड्यात तापाने ती गेली. सोळा वर्षांची होती. बाईंना तो घरी नेववेना आणि टाकवेना. मीच म्हटलं, राहू दे माझ्याकडे. तेव्हापासून दर वर्षी मुलगी गेली त्या तारखेला त्या येतात, मी कागदात बांधलेलं पुडकं गल्ल्यावर ठेवते, त्या त्यावर हात ठेवून विचारतात, बरं आहे ना? मी म्हणते, बरं आहे. की निघाल्या. पुडकं त्यांनी कधी उघडलं नाही.

खालच्या कपाटाला बॉयलरच्या भिंतीची ओल येते म्हणून गेल्या पावसाळ्यात पुडकं सोडून मी तो फ्रॉक वरच्या दांडीवर टांगला. पुतण्याला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मला गरजच वाटली नाही. माझी माडी, माझी दांडी, अशा तोऱ्यात होते मी.

त्या आठवड्यात मी दोन दिवस बहिणीकडे गेले होते. शुक्रवारी दुपारी परतले तर दांडी रिकामी. पुतण्या खुशीत होता. शाळेत नववी-दहावीच्या मुलांची नाचाची पार्टी होती. प्रत्येक वर्गाला एकेक दशक वाटून दिलेलं, त्या काळातल्या कपड्यांत नाचायचं. पालक कमिटीच्या बाईंना अस्सल जुने कपडे हवे होते. आमच्याकडे तर वर्षवार लावलेले. त्याने सगळी रांग उचलून दिली, बदल्यात हॉलमध्ये लॉन्ड्रीचा फलक लावून घेतला. मी पिवळ्या फ्रॉकबद्दल ओरडले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आत्या, बेवारस रांगेत होता ना? मग बेवारसच." दुसऱ्या दिवशी बाईंची यायची तारीख होती. मी चपला तशाच घालून शाळेकडे सुटले.

हॉलमध्ये भिंतीभिंतीला दशकांच्या पाट्या. माझं तरुणपण सरबताच्या टेबलाशेजारी होतं. एका पोराने कुणा पोस्टमनचा गणवेश चढवून पोटावर उशी बांधली होती. दुसऱ्याने डोक्याला पावडर फासून कमरेत वाकून, खोकत खोकत नाच चालवला होता, आणि आया त्याचे फोटो काढत हसून लोळत होत्या. त्या गणवेशाचा मालक मला आठवत होता. बायको आजारी होती त्याची, म्हणून न्यायला आला नाही. आता त्या गणवेशाच्या पाठीवर कुणीतरी चमकी चिकटवली होती. पोरांचं मी समजू शकते, ती वयाने आंधळी असतात. पण कमिटीवाल्या बाई हात जोडून म्हणाल्या, "तुमच्यामुळे किती अस्सल वाटतंय सगळं." त्या गोड आवाजाची मला शिसारी आली. लोकांची राहिलेली आयुष्यं यांनी सोंग म्हणून अंगावर चढवली होती आणि वर कौतुक चाललं होतं.

फ्रॉक मला रंगावरून सापडला. एक उंच मुलगी त्यात गिरक्या घेत होती. दोन्ही बाह्या कापलेल्या. घेराला डिंकाने चंदेरी पट्टी चिकटवलेली, पुढे सरबताचा लाल ओघळ. मी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. ती घाबरली, पण बोलली अदबीने. काकू, हे कुणाचंच नाही असं आम्हाला सांगितलं. दुसरे कपडे घरी आहेत, पार्टी संपली की लगेच देते.

तेवढ्यात बक्षिसं पुकारली गेली. सर्वांत अस्सल पोशाख म्हणून हीच मुलगी. आणि फीत लावायला बोलावलं कुणाला, तर शाळेत सर्वांत जुन्या म्हणून ग्रंथपाल बाईंना.

बाई स्टेजच्या पायऱ्या चढताना दिसल्या आणि मी खांबाआड झाले. पुढे जाऊन त्यांना अडवता आलं असतं. मी खांबाला चिकटून पाहत राहिले. त्यांनी फीत हातात घेतली, मुलीच्या खांद्याशी नेली आणि जरा थांबल्या. कॉलरवरून एक बोट फिरवलं. मग फीत टोचली आणि खाली उतरल्या. टाळ्या पडत होत्या.

फ्रॉक मला प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळाला, घामाने ओलाचिंब. घरी आल्याआल्या धुतला. लाल डाग फिका झाला, गेला नाही. डिंक खरवडताना कापड विरलं. बाह्या कचऱ्यात गेल्याचं त्या मुलीने आधीच सांगितलं होतं. मी इस्त्री केली, घडी घातली, कागदात बांधलं. बाह्या नसलेली घडी लहान झाली म्हणून आत जुना टॉवेल घातला. तो टॉवेल घालताना मला स्वतःची जी किळस आली, ती त्या अर्ध्या अंड्याचीही आली नव्हती.

शनिवारी सकाळी बाई आल्या. मी पुडकं ठेवलं. त्यांनी हात ठेवला, पण नेहमीचं विचारलं नाही.

"काल एका मुलीने असाच फ्रॉक घातला होता," त्या म्हणाल्या. "हाच रंग, हीच कॉलर. मला दरदरून घाम फुटला. मग मनाशी म्हटलं, वेडी आहेस का, आपला तर लॉन्ड्रीवाल्या ताईंकडे आहे."

मी मान हलवली.

"आज एकदा उघडून दाखवता?"

एकवीस वर्षांत पहिल्यांदा. खरं सांगायला माझ्याकडे तेवढा एकच क्षण होता.

"कालच इस्त्री करून बांधलाय," मी म्हटलं. "उगीच घडी मोडेल."

त्यांनी चटकन हात मागे घेतला, चूक झाल्यासारखा. "नको, नको. मग राहू दे. तुमच्याइतकं मी तरी कुठे जपलं असतं?"

दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. म्हणाल्या, "सहा महिन्यांनी मी निवृत्त होतेय. तेव्हा घरीच नेते. काल त्या मुलीला नाचताना पाहिलं ना, आता बघायचा धीर होईल असं वाटतं."

"न्या की," मी म्हटलं.