माझ्या पाण्यातले सोबती

मी एक जुना ऑस्कर मासा आहे. जुना म्हणजे नऊ वर्षांचा. अंगाने काळा, त्यावर केशरी पट्टे, आणि लांबीला चांगला फूटभर. बोरीवलीत एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, हॉलमधल्या काचेच्या टाकीत मी राहतो. टाकीत फिल्टर आहे, निळे खडे आहेत, प्लास्टिकचे एक झाड आहे. बाकी कोणी नाही. मित्रांनो, हे ‘बाकी कोणी नाही’ कसे झाले तेच मी तुम्हाला सांगणार आहे. त्यात माझी बाजू फारशी चांगली नाही, हे आधीच कबूल करतो.

आईवडील मला आठवत नाहीत. आठवते ते स्टेशनजवळचे दुकान आणि तिथली गर्दीची टाकी. तेव्हा मी अंगठ्याएवढा होतो. मधुकर आजोबा आपल्या तीन वर्षांच्या नातीला, गंधालीला, घेऊन तिथे आले. बाजारात भाजी निवडावी तसे त्यांनी मासे निवडले. हे चार, ते सहा, तो पिवळा छान दिसतो, तो पण द्या. मग त्यांचे बोट माझ्यावर आले.

“हा या सगळ्यांत राहील ना?” त्यांनी विचारले.

“एकदम शांत मासा आहे, काका. बिनधास्त टाका,” दुकानदार म्हणाला.

तो अगदीच खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी मी खरेच शांत होतो. पण मी पुढे केवढा होईन, हे आजोबांनी विचारले नाही आणि दुकानदाराने सांगितले नाही.

पहिले चार-पाच महिने मजेत गेले. आम्ही बाराजण होतो. गप्पी होते, अंगावर निळी रेघ असलेले इवलेसे टेट्रा होते. संध्याकाळी दिवा लागला की आम्ही सगळे काचेशी जमत असू आणि गंधाली बाहेरून काचेला नाक लावत असे. मग मी वाढू लागलो. ते मात्र होते तेवढेच राहिले. एका दुपारी एक टेट्रा माझ्या तोंडासमोरून गेला आणि मी तोंड उघडले. माझा त्याच्यावर राग नव्हता. तो तोंडात मावला, एवढेच.

संध्याकाळी शुभाआजींनी मासे मोजले तर एक कमी. त्या हळहळल्या. तेवढ्यात शेजारच्या पद्मजाकाकू आल्या आणि म्हणाल्या, “अहो शुभाताई, वाईट काय वाटून घेता? घरातला मासा गेला म्हणजे आपल्यावरचं संकट घेऊन गेला. चांगलंच झालं की!”

नेमके त्याच आठवड्यात आजोबा बाथरूममध्ये घसरले होते आणि नुसत्या खरचटण्यावर निभावले होते. झाले! आजींनी टाकीला हात जोडले आणि रविवारी नवा मासा आला.

पुढे हे ठरूनच गेले. मासा कमी झाला की घरात आनंद व्हायचा. गंधालीचा ताप उतरला, तो माशाने नेला. आजोबांची रिक्षा उलटता उलटता वाचली, तेही माशानेच अंगावर घेतले. घरावरची सगळी संकटे अशी माझ्या पोटात जात होती आणि मी गरगरीत होत होतो. माझे पोट पाहून गंधालीने मला ‘शेठ’ असे नाव दिले. पाहुणे आले की आधी माझ्यापाशी येत. “काय झकास मासा आहे!” म्हणत. मी फुशारून जात असे. मासे का जातात, हे मात्र कोणीच विचारले नाही.

मग ती आली. तळहाताएवढी, सोनेरी गोल्डफिश. ती माझ्या तोंडात मावत नव्हती, त्यामुळे मला तिच्याकडे नीट बघता आले. ती हळू पोहत असे. मी खडे उपसून ढीग केला की ती येऊन त्यात तोंड घालून बघे. दाणे पडले की मी आधी खाई, पण चार दाणे तिच्यासाठी सोडी. मित्रांनो, मला मैत्री म्हणजे काय ते तेव्हा कळले.

थंडीत माझा रंग उतरला. आजोबांचा माझ्यावर जीव, म्हणून त्यांनी पाण्यात हीटर बसवला. मला ऊब मानवते. तिला गार पाणी लागत होते. आमच्या दोघांसाठी पाणी एकच होते. ती वर जाऊन धापा टाकू लागली. चार दिवस मी तिच्या बाजूला उभा राहिलो. पाचव्या दिवशी ती आडवी झाली. मी तिला खाल्ले नाही, हे मला मुद्दाम सांगायचे आहे.

आजोबांना फार वाईट वाटले. आजी मात्र म्हणाल्या, “एवढी मोठी गेली, म्हणजे संकटही मोठंच असणार.” त्या दिवशी घरात शिरा झाला. मला त्या शिऱ्याचा वास अजून नकोसा वाटतो.

त्यानंतर आजोबांनी नवे मासे आणणे बंद केले. याला आता तीन वर्षे झाली. गंधाली मोठी झाली, तिला शाळा आणि क्लास. काचेवर हिरवट थर चढतो, तो पुसायचे कोणाला आठवत नाही. एखाद्या दिवशी काचेत मलाच माझे तोंड दिसते आणि क्षणभर वाटते, कोणी आले. मग ते मीच असतो.

गेल्या महिन्यात आजोबांना छातीत दुखू लागले. त्यांना अंधेरीच्या एका हॉस्पिटलात ठेवले आणि हृदयाचे ऑपरेशन ठरले. घरात सगळ्यांची धावपळ. दोन दिवस मला दाणे घालायचेही कोणाच्या लक्षात आले नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी आजी एक पिशवी घेऊन आल्या. पिशवीत एक छोटा काळा मासा होता. त्याचे डोळे बटबटीत होते आणि तो सारखा पिशवीच्या कोपऱ्यात घुसत होता. आजींनी टाकीचे झाकण उचलले. मी वर आलो. खरे सांगतो, माझे तोंड आपोआप उघडले.

“आजी, थांब! त्याला टाकू नको,” गंधाली आतून धावत आली.

“सोड हात. उद्या ऑपरेशन आहे. ह्यांच्यावरचं काय असेल ते हा घेऊन जाईल.”

“नाही गं घेऊन जात. शेठ खातो त्यांना.”

“तुला कोणी सांगितलं?”

“मी बघितलंय. लहान असताना. पहिल्यांदा दिसलं तेव्हा सांगणार होते, पण तुम्ही सगळे इतके खूश होता ना... मग नाही बोलले.”

आजींनी टाकीचे झाकण परत लावले. “आणि ती सोनेरी?”

“तिला हीटर सोसला नाही. मी दुकानात विचारलं. आजी, संकटबिंकट काही नव्हतं.”

आजी खुर्चीत बसल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, “मग आता ह्यांच्यासाठी मी काय करू गं?”

गंधाली आजींच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि तिने त्यांचा खांदा धरून ठेवला. मी खालून दोघींकडे बघत होतो. इतकी वर्षे मी आजींचे मासे खाल्ले, त्याचे मला कधी काही वाटले नव्हते. त्या दुपारी मात्र लाज वाटली.

शेवटी आजी उठल्या. “जा, याला दुकानात परत देऊन ये,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी झाकण उघडून मला मूठभर दाणे घातले. दाणे घालताना त्या रडत होत्या.

ऑपरेशन नीट झाले. कोणताही मासा न मरता झाले. बारा दिवसांनी आजोबा घरी आले, हळूहळू चालत, आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. बारीक झाले होते. त्यांनी काचेवर बोट ठेवले आणि मी तिथे तोंड नेले.

“किती एकटा पडलाय बिचारा,” ते म्हणाले. “शुभा, याच्या जोडीला एखादा छोटासा मासा आणू या का?”

“नको,” आजी म्हणाल्या. “ह्याला ह्याच्याएवढाच, ह्याच्याच पाण्यातला कोणी लागेल. आणि दोघांपुरती जागा आपल्या टाकीत नाही. आपल्या घरातही नाही.”

आजोबा माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे.

मित्रांनो, मासे घरी आणाल तेव्हा रंग बघून निवडू नका. हा केवढा होणार, याला ऊब हवी की गारवा, हा कोणाला खातो आणि कोणाला घाबरतो, हे आधी विचारा. दुकानदाराने सांगितले नाही तर पुन्हा विचारा. आणि माझ्यासारखा एखादा एकटा दिसला, तर त्याची कीव येऊन त्याच्या पाण्यात कोणाला सोडू नका. मला एकटे वाटते, हे खरे आहे. पण मला भूकही लागते.