खडकावरचं घर

आई जिन्यात बसली होती. मांडीवर ताट, ताटात बाबांच्या जेवणातला उरलेला भात. मुलगी वरून खाली येत होती. तिने विचारलं, "इथे का बसलीस?"

"उठता येईना म्हणून," आई म्हणाली. "ताट घे आधी. मग मला उचल."

हे घर मुलीनेच बांधलं होतं. ती आर्किटेक्ट. बाबांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर उतारावरचा हा ओबडधोबड खडकाळ तुकडा हौसेने घेतला. खडक फोडायचा नाही, एवढीच त्यांची अट. म्हणून घरच खडकाच्या कलाने उतरत गेलं. स्वयंपाकघर सगळ्यात वर, बैठक त्याखाली, निजायची खोली तळाशी. बैठकीच्या भिंतीतून काळ्या दगडाचा एक भलामोठा उंचवटा आत आलेला. घराला बक्षीस मिळालं, मासिकांत फोटो आले, विद्यार्थी वह्या घेऊन बघायला यायचे. आई सगळ्यांना चहा करायची.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. सांभाळायला ठेवलेल्या बायका जिने बघून चार दिवसांत निरोप घ्यायच्या. आई मात्र वर-खाली करत राहिली. फोनवर मुलीने विचारलं की "चाललंय" म्हणायची.

आज मुलगी आली होती ती एका पुस्तकासाठी. घराचे नव्याने फोटो काढायचे होते, मुखपृष्ठासाठी. फोटोग्राफर मागाहून यायचा होता.

तिने आईला काखेत हात घालून उठवलं आणि बैठकीतल्या कोचावर आडवं केलं. "पाच मिनिटं पडते," म्हणत आईने डोळे मिटले आणि तिला गाढ झोप लागली. दुपारी मुलगी बाबांना औषध द्यायला खाली गेली, पाणी विसरलं म्हणून वर आली, परत खाली गेली, मग चादर बदलायची म्हणून पुन्हा वर. संध्याकाळ व्हायच्या आत तिच्या पोटऱ्यांत गोळे आले.

फोटोग्राफर आला. बैठक बघून खूश झाला. मग हळूच म्हणाला, "आजींना जरा दुसरीकडे झोपवता येईल? दगडाच्या अगदी पुढ्यात आहेत."

"नाही," मुलगी म्हणाली. "तुम्ही बाहेरून काढा."

तो बाहेर गेला. आई घोरत होती.

रात्रीचं जेवण तिघांनी बाबांच्या खोलीत केलं. मुलगी म्हणाली, "जिन्याला विजेवर चालणारी खुर्ची बसवू या."

"आणि मी त्या खुर्चीत बसल्यावर आमटीचं पातेलं कुठे बसवू?"

"मग बैठकीतला खडक फोडू. तुमची खोली तिथेच करू, स्वयंपाकघराच्या जवळ."

बाबांनी डावा हात पलंगावर आपटला. "दगड... नको."

"बघ," आई म्हणाली, "माझं कंबरडं मोडलेलं चालतं यांना, दगड मोडायला नको!" आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना. "अहो, मी दमले हो," ती म्हणाली. "मला हे घर कधी आवडलं का, असं कुणी विचारलंच नाही. पोरीने केलंय, तुमचा जीव आहे, म्हणून मी गप्प. पण आता नाही होत."

मुलगी ताटं गोळा करायला लागली.

बाबा आढ्याकडे बघत म्हणाले, "सपाट... जागा बघ." कुणाला म्हणाले ते कळलं नाही, पण दोघींनी मान डोलावली.

मुलीने शहराच्या कडेला तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. समोर पंक्चर काढायचं दुकान, दिवसभर ठोकाठोक. सामान हलवलं त्या दिवशी बाबा कुणाशी बोलले नाहीत, पुढचे कित्येक दिवसही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. आई पहिला आठवडा नुसती झोपली.

खडकावरच्या घराला गिऱ्हाईक येतं, वाखाणतं, जिने मोजतं आणि निघून जातं. मुलगी अधूनमधून जाऊन खिडक्या उघडते, केर काढते. आपण बांधलंय ते सुंदर आहे हे तिला अजूनही दिसतं. तेवढ्याने बरं मात्र वाटत नाही.

परवा तिने फोन केला तर मागे मोठा गलका.

"बाहेर बसलोय," आई म्हणाली. "हे डाव्या हाताने काठी टेकत, माझ्या आधाराने दुकानापर्यंत आले. पंक्चरवाल्याशी वाद घालतायत."

"बाबा? वाद?"

"यांना बोलता येत नाही, त्याला ऐकू येत नाही. मघापासून रंगलाय. बरं, ठेव आता, यांना धरून परत न्यायचंय."