घाणेरीचा शर्ट

प्रबुद्ध कामावरून खातीपुऱ्याला परतला की मयूरी त्याला दारातच अडवायची. "आधी नळ, मग नवरा."

तिचंही बरोबर होतं. गडी दिवसभर जयपूरच्या बागांतून घाणेरी उपटत फिरायचा. ओळखपत्रावर झोकात 'टेक्निशियन' लिहिलेलं, पण काम एकच: परदेशातून येऊन इथं ठाण मांडून बसलेली झाडं हुडकायची आणि मुळासकट काढायची. त्यात घाणेरीच्या पानांना नुसता हात लागला तरी वास अंगाला चिकटतो. साबण हात टेकतो.

ती काढायची एक रीत असते. वरवर छाटली तर दुप्पट जोमानं येते. म्हणून मातीत चार बोटं खोल जाऊन मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप पालथं ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे परत रुजत नाही. प्रबुद्ध मजुरांना म्हणायचा, "शीर्षासन में रखो भैया, थोडा योगा सीखने दो."

बनी पार्कमधल्या एका बागेत मंगळवारी दुपारी त्यानं असंच एक झुडूप पालथं घातलं. कोपऱ्यावरचं, छोट्या फाटकाजवळचं. रोज सकाळी बापू नावाचे एक म्हातारबाबा तिथं थांबतात, पान चुरगळून हुंगतात, गालात हसतात आणि फाटकाकडे वळतात, हे त्यानं पाहिलं होतं. बँकेतून रिटायर झालेला मराठी माणूस, म्हणून नमस्कारही व्हायचा. त्याला वाटलं, असतो एकेकाचा नाद.

बुधवारी बापू फेऱ्या मारतच राहिले. चौथी, सहावी, नववी. कोपऱ्यावर यायचे, पालथ्या झुडपाची नुसती मुळं चाचपायचे, पुढे जायचे.

"काय बापू, आज मॅरेथॉन?"

"याला शिक्षा कोणी केली?" बापूंनी झुडपाकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, रत्नप्रभाकाकू, धापा टाकत आल्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात बापूंची. बापूंना बाकावर बसवून त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं आणि सगळं समजल्या.

"घर आठवत नाही रे त्यांना हल्ली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वास तेवढा आठवतो. वाईला त्यांच्या शाळेच्या कुंपणाला घाणेरी होती. वास आला की डावीकडे वळायचं, फाटक, समोर घर. दोन महिने घोटून घेतलं मी."

"काकू, मतलब, मी..."

"तुला काय माहीत? तुझं कामच ते." त्यांनी पदरानं बापूंचं कपाळ टिपलं. "तन्मय, आमचा मुलगा, पुण्याला असतो. तो म्हणतो, एकदा जरी चुकले तरी घराला कुलूप, फिरणं बंद. रविवारी त्याचा फोन येईल."

"सांगू नका ना. खोटं मी शिकवतो, फुकट."

"या वयात जमायचं नाही ते." त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "सकाळचा हा एकच तास ते कोणाच्या हाताला धरून चालत नाहीत. तेवढा राहावा, एवढंच."

गुरुवारी प्रबुद्धनं कोपऱ्यावर खुणेसाठी लालभडक फडकं बांधलं. बापूंनी ते सोडलं, नीट चौकोनी घडी घातली आणि त्याच्या हातात दिलं. "कुणाचा तरी रुमाल राहिलाय." आणि परत फेरीला निघाले. शेवटी काकूच येऊन घेऊन गेल्या. झुडूप पुन्हा लावावं, असंही प्रबुद्धच्या मनात आलं. पण एका झुडपाची फळं बुलबुल खाणार, बिया बागभर पेरणार. ते त्याच्याच्यानं होईना.

त्या दिवशी सी-स्कीमच्या बागेत त्यानं ढीगभर घाणेरी काढली. संध्याकाळी घरी नळाला पाणी नाही. मयूरीनं नियम मोडला नाही, व्हरांड्यात खाट टाकून दिली. शुक्रवारी सकाळीही नळ कोरडाच, म्हणून पठ्ठ्या त्याच शर्टात बनी पार्कला आला आणि कोपऱ्यावर उभा राहिला. आज बापूंचा हात धरून आपणच घरी न्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. जिवावर आलं होतं, पण ठरवलं होतं.

बापू आले. थांबले. प्रबुद्धची बाही चिमटीत धरून त्यांनी चुरगळली, बोटं नाकाशी नेली आणि गालात हसले.

"उभा राहिलास होय," ते त्याला म्हणाले. "बरं केलंस."

आणि डावीकडे वळले. फाटक, रस्ता, समोर घर. प्रबुद्ध जागचा हलला नाही. झुडपं हलत नाहीत.

शनिवारी तसंच झालं. रविवारी सकाळी मयूरीनं शर्ट बादलीकडे नेला, तर प्रबुद्ध मधे आडवा.

"धुवू नको."

"आज सुट्टी आहे ना तुला?"

"माणसाला असते. झुडपाला कुठली?"

सगळं ऐकून झाल्यावर मयूरीनं नाक धरूनच त्याच्या शर्टाची वरची गुंडी लावली. "झुडूप झालास तरी जरा नीटनेटका दिस."

त्या दिवशी बापू घरी पोचल्यावर काकूंनी प्रबुद्धलाही चहाला बोलावून घेतलं; कप भरला तोच फोन वाजला. काकूंनी उचलला.

"हो रे तन्मय, बुधवारी-गुरुवारी चुकले होते," त्यांनी सरळ सांगून टाकलं. पलीकडून त्यानं कुलपाचं काढलंच. "नको, कुलूप नको. आता तीन दिवस एकटेच येतायत, वेळेवर. अरे, कोपऱ्यावर झाड आहे ना."

बाहेर ओट्यावर, जरा लांबच बसवलेलं ते झाड बशीत ओतून चहा पीत होतं.